सूर्यानं हात बदलला

गजभिये मॅडम सायकलची ट्यूब घेऊन वर्गात शिरल्या की पहिल्या बाकावरची पोरं आपोआप तिसऱ्या बाकावर जायची. तिसऱ्या बाकावरची तोवर खिडकीत चढलेली असायची. जरीपटक्याच्या बाजारातल्या एका पंक्चरवाल्याकडून त्या जुन्या ट्यूबा आणायच्या आणि त्यांच्या लांब पट्ट्या कापायच्या. एक टोक टेबलाच्या पायाला बांधायचं, दुसरं मुठीत धरायचं आणि पीळ देत जायचा. तोंडातून शब्द नाही. नुसता पीळ. पंखासुद्धा हळू फिरायला लागायचा, असं मी म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण मी शेजारच्या वर्गात इतिहास शिकवत असे आणि दोन्ही वर्गांचे पंखे एकाच बटणावर होते.

"हे सूर्यावरचं चुंबकीय क्षेत्र," त्या अखेर म्हणायच्या. "खाली तापलेला वायू उकळतो आहे. तो या दोराचे पाय हलवतो. पाय हलले की पीळ चढतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं, काही होतच नाही. बघत राहा."

मग ट्यूबच्या मधोमध एकदम एक वेटोळं उठायचं, जिवंत असल्यासारखं. पोरी दुपट्टे तोंडात धरायच्या. मॅडम आणखी एक पीळ द्यायच्या आणि फाडकन ट्यूब तुटून फळ्यावर आपटायची. माझ्या वर्गात पानिपतची पहिली तोफ नेमकी त्याच क्षणी सुटायची. माझं पानिपत विद्यापीठात गाजलं त्यात निम्मा वाटा त्या ट्यूबचा होता. उरलेला निम्मा माझ्या आवाजाचा.

मॅडम म्हणजे पावणेपाच फूट उंची, खादीची साडी, पायात पोरांचे असतात तसे खेळायचे बूट. भौतिकशास्त्र विभागात त्या एकट्या तीन माणसांचं काम करत आणि चौघांचं ऐकून घेत. त्यांच्या आजीनं छप्पन साली दीक्षा घेतली होती. तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, ही गोष्ट त्या घरात वरणभातासारखी रोजची. कॉलेजात कोणीतरी मुद्दाम विचारी, "मॅडम, रोज सूर्यासमोर उभ्या राहता, नमस्कार करता का त्याले?"

"नमस्कार ओळखीच्या माणसाले करतात जी. याची अजून ओळख पटून नाही राह्यली."

आणि ओळख पटत नव्हती हे खरंच होतं. सूर्याच्या अंगापेक्षा त्याच्या भोवतीचं विरळ वातावरण कितीतरी पटींनी जास्त तापलेलं असतं, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, माझी संगत यांना लागली. "चुलीपासून दूर गेलं त चटका कमी व्हाले पाह्यजे का नाही, राऊत सर? इथं उलटं आहे. काहून? पक्कं कोणालेच ठाऊक नाही. म्हणून त मी वर जातो." 'जातो' म्हणायच्या त्या, आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं.

वर म्हणजे गच्चीवर. तिथे पत्र्याची एक खोली होती. छप्पर चाकांवर, ढकललं की अर्धं आकाश उघडं. आत लाल काचेची दुर्बीण. मे महिन्यात त्या खोलीत दहा मिनिटं बसलेला माणूस खाली येताना निम्माच उरायचा. आमचे एक हिंदीचे सर वर गेले ते जाडे होते, खाली आले ते कवी झाले. मॅडम मात्र रोज सकाळी तिथे असत. सोबत पाळीपाळीनं पोरी-पोरं. कॅमेरा असूनही त्या चित्र हातानं काढायला लावत. डोळा दुर्बिणीला, पेन्सिल कागदावर. "कॅमेरा घेते. पाहत नाही," हे त्यांचं मत.

काढायचं काय, तर दोर. लाल तबकडीवर काळपट, लांबट दोर पडलेले दिसत. सूर्याच्या वातावरणात चुंबकीय क्षेत्रानं वर तोलून धरलेला हा वायू. हाच दोर सूर्याच्या कडेवर आला की काळ्या आकाशासमोर आगीची कमान होऊन उभा राही. कधी दिवसच्या दिवस तसाच राही, कधी घटकाभरात तुटून अवकाशात जाई. प्रत्येक दोराला पीळ. सूर्याच्या उत्तर अर्ध्यातल्या बहुतेक दोरांचा पीळ एका हाताचा, म्हणजे एकाच बाजूला वळलेला, दक्षिणेतल्यांचा दुसऱ्या. जगभर हे पाहिलेलं. मॅडम प्रत्येक दोराचं एक मोठं चित्र काढायला लावत आणि कागदावर एकच खूण, उत्तरेचा बाण.

"बाकीच्या दिशा?" मी एकदा विचारलं.

"उत्तर समजली की बाकीच्या तिघी मागून येतात. कागद उलटा धरा, आडवा धरा, काही बिघडत नाही."

ही त्यांची पद्धत. पंधरा-वीस वर्षं पोरांच्या हातात बसलेली. पुढे जे झालं ते या एका बाणामुळं आणि एका पाहुण्याच्या मानेमुळं.

पाहुण्याची गोष्ट अशी. विज्ञान दिनाला आमचे प्राचार्य बोंद्रे सर यांनी एका पुढाऱ्याला बोलावलं. बोंद्रे सर म्हणजे टक्कल, सफारी आणि कोणाही पाहुण्यापुढे आपोआप वाकणारा कणा. पाहुणा मात्र वाकण्याच्या पलीकडचा. गळ्यात हार असा की त्या दिवशी नागपुरात झेंडू शिल्लक नव्हता. तो गच्चीवर आला, मागे पन्नास माणसं, पुढे फोटोवाला. आणि कोणीतरी हौशीनं, साहेब येणार म्हणून, दुर्बिणीच्या तोंडावरची संरक्षक काच पुसायला काढून ठेवलेली.

मॅडम दारात होत्या. त्यांना ती काच खुर्चीवर ठेवलेली दिसली तेव्हा पाहुणा वाकत होता. वाकायला त्याला वेळ लागत होता म्हणून त्याचा डोळा आज शाबूत आहे. ओरडल्या असत्या तर गर्दीत ऐकू गेलं नसतं. त्या माणसांच्या काखांखालून गेल्या आणि त्याचा डोळा आणि दुर्बीण यांच्या मध्ये आपला तळहात घातला. मला चर्र असा आवाज आल्याचं आठवतं. वासही आल्याचं आठवतं. मॅडम पुढे म्हणायच्या की आवाज आला नव्हता. वासाबद्दल काही बोलत नसत.

"काय झालं? हे कोण बाई?" पाहुणा सरळ होत म्हणाला.

"सूर्य अजून तयार नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या. मूठ मिटलेली. "दोन मिनिट."

डाव्या हातानं त्यांनी काच बसवली. पाहुण्यानं मग पाहिलं, "व्वा" म्हणाला, आणि उठताना मानेला हात लावून बोंद्रे सरांवर घसरला. "इतकं वाकाले लावता बाहेरच्या माणसाले? काही व्यवस्था नाही तुमच्याकडे?" फोटो आला तो पाहुण्याचा आणि मागे मूठ मिटलेल्या मॅडमचा. लोकांना वाटलं, घोषणा देऊन राहिल्या.

बोंद्रे सरांनी आठवड्यात व्यवस्था केली. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला काटकोनात वळलेली एक नळी बसवली. आत आरसा. आता कोणाला वाकायची गरज नाही, सुखानं वरून डोळा लावावा. मॅडमचा हात तेव्हा पट्टीत होता. नळी त्यांच्या पाठीमागे बसली आणि पोरांना आवडली. पाठ दुखेना. मग ती राहिली ती राहिलीच.

त्यानंतरच्या वर्षापासून सूर्य बिघडला. म्हणजे कागदांवर. उत्तरेतले लहान दोर दक्षिणेच्या हाताचा पीळ दाखवायला लागले. दक्षिणेतले उत्तरेचा. मॅडमनी आधी पोरांना झापलं, मग स्वतः काढून पाहिलं. तेच. त्या बदलल्या. बोलणं कमी, चालणं जास्त. स्टाफरूममध्ये चहा गार व्हायचा. मी विचारलं, "जगातल्या एवढ्या मोठ्या दुर्बिणींले हे दिसत नाही का?"

"ते मोठे दोर मोजतात. आपण लहान. लहान्याकडे कोण पाह्यते, सर?"

पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं होतं, ते याच विषयावर. लहान दोरांनी हात बदलला आहे, आणि असे उलट्या पिळाचे दोर लवकर तुटतात, असा प्रबंध. बोंद्रे सरांना पीळ कळत नव्हता, पण बातमी कळत होती. त्यांनी भेटेल त्याला सांगितलं, "आपल्या कॉलेजात सूर्यानं हात बदलला." मी तर त्यात भर घालून सांगत असे, ते आता सोडा.

पण त्याच सुमारास संस्थेनं ठरवलं की गच्ची सौर पॅनेलवाल्या कंपनीला द्यायची. बोंद्रे सरांनी मॅडमना बोलावलं. मी तिथेच माझ्या रजेच्या अर्जाची वाट पाहत उभा होतो.

"मॅडम, सरळ सांगतो. तुमची पीएच.डी. झाली का वर संशोधन केंद्राची पाटी लागते. पाटी लागली का खोलीले कोणी हात लावत नाही. मी शब्द घेतला आहे संस्थेकडून. नाही झाली, त उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली पाडतात."

"म्हंजे सूर्य पाहाची जागा सूर्याच्याच नावानं रिकामी करून राहिले."

"टोमणे मारू नका. पास व्हा."

मॅडमची नोकरी दोनेक वर्षं उरली होती. त्यांचं स्वतःचं त्या पदवीनं काही अडलेलं नव्हतं. अडलेलं होतं ते त्या पत्र्याच्या खोलीचं. नरखेडकडच्या गावांतून एस.टी.नं येणाऱ्या, कॉलेजात कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या पोरी त्या खोलीत डोळा लावून बसायच्या आणि खाली उतरताना वेगळ्या चालीनं उतरायच्या. हे मी पाहिलेलं आहे. यात अतिशयोक्ती नाही.

प्रबंध गेला. बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आला: मौलिक शोध. बोंद्रे सरांनी पाटीचा मजकूरसुद्धा रंगाऱ्याला देऊन टाकला. आता तोंडी परीक्षा तेवढी उरली.

तिच्या आदल्या दिवशी दुपारी मी गच्चीवर गेलो, सहज, मॅडमच्या डब्यातल्या सांबारवडीच्या आशेनं. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे बाहेरच्यांसाठी. मॅडम जमिनीवर बसल्या होत्या. समोर दोन कागद. एकाच दोराची दोन चित्रं, लागोपाठच्या दोन दिवसांची. उद्याच्या सादरीकरणासाठी शोधून काढलेली. एरवी हे कागद दोरांच्या जातींप्रमाणे वेगवेगळ्या गठ्ठ्यांत बांधलेले असत, दिवसांप्रमाणे कोणी कधी शेजारी ठेवलेच नव्हते.

"राऊत सर, इकडे या. हा ठिपका पाहा. दोराच्या बुडाचा. काल इथं. आज?"

"आज इथं. डावीकडे सरकला."

"उत्तर कुठं आहे?"

"वर. बाण आहे ना."

"उत्तर वर असली त सूर्यावरचा ठिपका डावीकडून उजवीकडे जाते. रोज. सूर्य तसाच फिरते." त्यांचा आवाज इतका शांत होता की माझ्या अंगावर काटा आला, त्या तापलेल्या पत्र्याखालीसुद्धा. "इथं सूर्य उलटा फिरून राहिला, सर."

मी म्हटलं, पोरांनी तारखा बदलल्या असतील. त्यांनी ऐकलं नाही. त्या उठल्या, दुर्बिणीपाशी गेल्या आणि त्या वाकड्या नळीचा स्क्रू सोडवला. नळी हातात घेऊन आतल्या आरशात पाहिलं. मग डोळ्याची काच सरळ दुर्बिणीला लावली, वाकल्या, बराच वेळ पाहिलं. परत नळी लावली, पाहिलं. परत काढली. खाली ठेवली.

मी इतिहासाचा माणूस, तरी मला कळलं. साध्या दुर्बिणीत चित्र खालचं वर दिसतं, पण कागद फिरवला की सरळ होतं; तिथे एक बाण पुरतो. आरशात गेलेलं चित्र कितीही फिरवा, डाव्या हाताचा पीळ उजव्याचा दिसणार तो दिसणारच. सूर्यानं हात बदललाच नव्हता. पाहुण्याच्या मानेसाठी बसवलेल्या नळीनं बदलला होता. आणि मॅडमसकट सगळ्यांनी एका बाणावर भिस्त ठेवली होती.

"भौतिकशास्त्राची बाई मी," त्या म्हणाल्या. "आरसा बारावीत शिकवतो."

बोंद्रे सर नेमके तेव्हाच वर आले, उद्याच्या खुर्च्या मोजायला. मॅडमनी त्यांना सांगितलं. जसंच्या तसं. बोंद्रे सरांनी रुमालानं टक्कल पुसलं, दार लावून घेतलं आणि त्या भट्टीत आमच्यासमोर उकिडवे बसले.

"कोणाले समजते, मॅडम?"

"मले समजलं ना."

"परीक्षकाले नाही समजलं. तुमच्या गाइडले नाही समजलं. तुम्ही एकट्या. अन् हे राऊत, त्यांचं बोलणं कोणी खरं धरत नाही." हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. "उद्या गप राहा. पदवी घ्या. पाटी लागू द्या. मंग तुमच्या हातानं दुरुस्ती छापा ना, कोण अडवते? खोली वाचते. पोरी वाचतात. मी काही माझ्यासाठी म्हणून नाही राह्यलो."

आणि खरं सांगतो, ते त्यांच्यासाठी म्हणत नव्हते. म्हणून तर उत्तर देणं अवघड होतं.

बोंद्रे सर गेल्यावर मॅडमनी मला विचारलं, "तुमच्या इतिहासात होते का असं?"

"इतिहासात असंच होते, मॅडम. आरसा काढाले कोणी गच्चीवर जात नाही."

त्या हसल्या नाहीत. डबाही उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत माणसं दाटीवाटीनं बसली होती. बोंद्रे सर पहिल्या रांगेत, मागच्या टेबलावर समोशांचं टोपलं फडक्याखाली वाफाळलेलं. परीक्षक वयस्क, पांढरे केस, बोलणं इतकं हळू की विद्यार्थी घाबरून पुढे झुकायचे. माझी जागा दाराशी.

मॅडमनी सुरुवात केली. सूर्याचं बाह्य वातावरण. चुंबकीय दोर. पीळ कसा चढतो. पडद्यावर पोरांनी काढलेली चित्रं एकामागून एक. परीक्षक मान डोलवत होते. "रेखाटनं सुंदर आहेत," ते म्हणाले. मी बोंद्रे सरांकडे पाहिलं. त्यांचे खांदे आदल्या दिवसापासून कानाला लागलेले, ते हळूहळू खाली यायला लागले. मॅडम पुढे जात होत्या. उत्तरेतले दोर. दक्षिणेतले. त्या बोलणार की नाही, हे त्यांच्या तोंडावरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. निष्कर्षाचं पान आलं. मॅडमनी ते वाचलंच नाही. ते ओलांडून त्यांनी पुढचं चित्र लावलं. कालचे दोन कागद, शेजारी शेजारी.

"सर, मी एक प्रश्न विचारू का?"

परीक्षकांना गंमत वाटली. "इथे प्रश्न मी विचारायचे असतात. पण विचारा."

"हा ठिपका पहिल्या दिवशी इथे आहे. दुसऱ्या दिवशी इथे. उत्तर वर आहे. सूर्य कोणत्या बाजूला फिरतो आहे?"

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, लावला. बोंद्रे सरांचे खांदे पुन्हा कानाला लागले.

"तारखांची अदलाबदल झाली असेल," परीक्षक हळूच म्हणाले. त्या वाक्यात एक दार उघडं ठेवलं होतं, हे सगळ्यांना दिसलं. मॅडमनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही सर. तारखा बरोबर आहेत. दुर्बिणीत आरसा होता आणि आम्ही एकच दिशा लिहीत होतो. चित्रं उलटी आहेत, म्हणून पीळ उलटे आहेत. सूर्यानं हात बदललेला नाही. माझा निष्कर्ष चूक आहे."

परीक्षकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कानांपासून लाल. "अहो, पण मी लेखी अहवाल दिला आहे. मौलिक शोध म्हटलं आहे मी."

"तो पण त्याच आरशातून पाह्यल्या गेला, सर," मॅडम म्हणाल्या. टोमणा नव्हता. पण लागायचा तिथे लागला.

मला हसू आलं ते मी खोकल्यात दाबलं. तो खोकला मला पुढे आठ दिवस पुरवावा लागला.

परीक्षक बराच वेळ कागद चाळत राहिले. शेवटी म्हणाले, "मग यात उरतं काय?"

"चित्रं उरतात. सुलटी करतो अन् पुन्हा मोजतो."

प्रबंध परत आला, दुरुस्त करून पुन्हा द्या, अशा शेऱ्यासह. बोंद्रे सर शेरा ऐकायला थांबले नाहीत. समोसे रसायनशास्त्र विभागानं खाल्ले. पाटी रंगवून झाली होती, ती उलटी करून कँटीनवाल्यानं तिच्यावर पोह्याचे भाव लिहिले. खोली पाडायचा दिवस ठरला.

कोणी म्हणालं, मॅडम, चित्रं उलटवणं म्हणजे कॉम्प्युटरवर एका बटणाचं काम. मॅडम म्हणाल्या, "हातानं चुकलं, हातानंच सुलटं होईन. बटण दाबलं त पोरींले समजन काय?" मग सुरू झालं ते असं. चित्र खिडकीच्या काचेवर पालथं धरायचं, वर कोरा कागद, पलीकडच्या उजेडात दिसणारी रेघ पेन्सिलीनं गिरवायची. पालथ्या कागदातून येणारं चित्र सरळ. वाचनालयाच्या काचा संपल्या, मग प्रयोगशाळेच्या, मग माझ्या वर्गाच्या. कॉलेजात एक काच उघडी राहिली नाही. मराठेशाहीचा उत्तरार्ध मी त्या वर्षी संपूर्ण अंधारात शिकवला. निकाल नेहमीपेक्षा बरा लागला.

गिरवता गिरवता दोर एकेक करून शहाणे झाले. उत्तरेतले उत्तरेच्या हाताचे, दक्षिणेतले दक्षिणेच्या. सगळ्या चमत्काराचा धुरळा बसला. मूठभर दोर तेवढे सुलटे करूनही वाकडेच राहिले. खरोखरचे वाकडे. "एवढेच?" मी म्हटलं. "एवढे खरे आहेत ना," मॅडम म्हणाल्या, आणि तो गठ्ठा वेगळा बांधला. त्या मूठभरांवर पुढे त्यांना पदवी मिळाली, पण ती निवृत्तीनंतर, भावाकडे पुण्याला राहायला गेल्यावर. तेव्हा ना खोली होती ना मी तिथे होतो. मी त्यांना दुर्बिणीपाशी शेवटचं पाहिलं ते खोली पाडायच्या सकाळी.

बुटीबोरीहून पॅनेल बसवणारी माणसं ट्रक घेऊन आली होती. गच्चीवर पॅनेलची खोकी रचलेली. सुपरवायझर उत्तरेकडचा, घाईतला. "मैडम, जल्दी खाली कर दीजिए, धूप चढ़ रही है." मॅडम दुर्बिणीपाशी वाकलेल्या. सूर्याच्या कडेवर एक कमान उभी होती, आणि ती फुगत होती.

"थोडा रुको, भैया," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "ये जाने वाला है."

सुपरवायझरनं बोंद्रे सरांना फोन लावला. सर जिना चढून आले, सुट्टीतसुद्धा सफारीत. परीक्षेच्या दिवसापासून ते मॅडमशी बोललेले नव्हते. "मॅडम, पुरे झालं आता. किती माणसं खोळंबली."

मॅडम बाजूला झाल्या. "पाहा सर."

सर कुरकुरत वाकले. गुडघे वाजले. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. आधी ती पाठ उठायच्या तयारीत होती. मग थांबली. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले.

"हे हलून राहिलं का?"

"पाय पाहा. दोन पाय दिसतात?"

"एक सुटला," सर म्हणाले. थोड्या वेळानं, निराळ्याच आवाजात, "बापा."

आपल्यासारख्या चार-पाच पृथ्व्या त्या कमानीखालून सहज गेल्या असत्या, असं मॅडम एकदा म्हणाल्या होत्या. मी लोकांना पन्नास सांगतो. पण त्या सकाळी मला काहीच दिसत नव्हतं. मला दिसत होतं ते उघड्या छपराखालून ऊन सरळ बोंद्रे सरांच्या डोक्यावर आलं आहे, आणि ते उठत नाहीत. फिटर हातातले पाने खाली ठेवून भोवती जमले होते. सुपरवायझरनं घड्याळ पाहायचं सोडलं होतं.

"मॅडम, तुम्ही या," सर डोळा न काढता म्हणाले. "तुमचं आहे हे. तुम्ही पाहा."

"हलू नका सर. हललं का सापडत नाही. सांगत जा."

"वर चाललं. तुटलं. काही वर चाललं अन् काही खाली पडून राहिलं. पण सरळ नाही पडत, वळून पडते. असं काहून?"

"दोर दिसत नाहीत, पण आहेत तिथं. त्यांच्यावरून घसरून राहिलं ते."

मॅडमनी एका पॅनेलच्या खोक्याचा पुठ्ठा उपसला, दोन्ही हातांनी वर धरला आणि सरांच्या टकलावर सावली केली. सर विचारत राहिले, त्या सांगत राहिल्या. सूर्याकडे त्यांची पाठ होती. पुठ्ठा त्यांच्या उंचीला जड होता, टाचा उचललेल्या, आणि त्या स्वतः पूर्ण उन्हात उभ्या होत्या.